चेहरा आढळला नाही

पडद्यावर एक कपाळ होतं. नुसतं कपाळ, घामानं पसरलेलं कुंकू आणि वर आभाळ.

सर म्हणाले, "हा फोटो आहे? झाडू धरता येतो, फोन धरता येत नाही."

सगळी मीटिंग रूम हसली. आठ माणसं. मीही हसले.

नांदेडच्या आमच्या कंपनीनं एका ठेकेदारासाठी हजेरीचं ॲप केलं होतं. त्याच्याकडं आसपासच्या काही गावांच्या सफाईचं काम होतं. बाईनं सकाळी कामावर पोचायचं, हातात झाडू घेऊन स्वतःचा फोटो काढायचा, की हजेरी लागते. ते ॲप मी लिहिलं होतं. आता आलेले फोटो आम्ही तपासत होतो.

पुढचा फोटो आला. अर्धा गाल, एक कान. कानाची पाळी फाटलेली.

ती पाळी मी ओळखली. ती माझी माय होती.

माझ्या तोंडावर अजून मघाचं हसू होतं. ते काढायचं कसं, कळेना. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "कान हजर, बाई गैरहजर." पुन्हा हसले सगळे.

सर माझ्याकडं वळले. "तू फोटोग्राफर ना आपली? मग नियम तूच लिही. पूर्ण चेहरा आणि झाडू दिसला नाही तर फोटो नामंजूर. तीन प्रयत्न. नंतर गैरहजर."

महिन्यात तीनदा गैरहजर, की ठेकेदार नवी बाई बघणार. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

मी म्हणाले, "हो सर."

आणि लिहिला. शुक्रवारी संध्याकाळी नियम चालू झाला.

ऑफिसात माझं कौतुक होतं. मी काढलेला गोदावरीवरच्या धुक्याचा फोटो रिसेप्शनला लावलाय. पाहुणे आले की सर सांगायचे, ही आमची डेव्हलपर, सुट्टीला सायकलवर भटकते. कुठं जाते, ते कुणी विचारलं नाही. मी मायकडं जायचे. आडनावही कुणाला फारसं माहीत नव्हतं. मीच माहीत होऊ दिलं नव्हतं. कंपनीचं नाव मायला कधी सांगितलं नव्हतं. मुलगी कॉम्प्युटरवर काम करते, एवढंच तिला पुरे होतं.

शनिवारी दुपारी सायकल काढली. लातूर रोडनं लोहा ओलांडलं, पुढं आमचं गाव. समोरून वारा होता. मायला सांगायचं, हे ठरवून पायडल मारत होते. पोचले. तिनं भाकरी वाढली. जेवले. सांगितलं नाही.

रविवारी सकाळी तिच्यासंगं कामावर गेले. बाजाराची गल्ली. आदल्या दिवशीचा बाजार तसाच पडलेला. सडका भाजीपाला, कोंबड्यांची पिसं, गटारातून काढून ठेवलेला गाळ. मायनं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला, पदराला पुसला, फोन काढला. एका हातात झाडू, एका हातात फोन. काच तडकलेली. ऊन पाठीमागून येत होतं. तिचा चेहरा फोनमध्ये नुसता काळा दिसत होता.

चेहरा आढळला नाही.

ती वळली. पुन्हा काढला. झाडू आला, हनुवटी गेली.

चेहरा आढळला नाही.

"काय म्हनून राहिला ह्यो फोन?" तिनं मला विचारलं. तिला वाचता येत नाही.

तिसऱ्यांदा तिनं फोन उचलला. मी धावले, पण दुसऱ्याच्या हातून फोटो निघूच नये अशी सोय ॲपमध्ये होती. तीही माझीच. तिसरा फोटोही नामंजूर झाला.

मुकादम मोटारसायकलवर बसूनच बोलला. "मावशे, आज तुमी गैरहजर हाव. फोनात आलंय."

"आरं, मी हितंच उभी हाय की तुज्यापुढं."

"माज्या हातात काय न्हाई." गेला तो.

माय झाडायला लागली. मी म्हणाले, "हजेरी न्हाई तर कशाला झाडती?"

"घाण तर हाय ना." थोडं झाडून थांबली. "कोन लिवतंय गं असलं?"

"मी."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. झाडू पुन्हा चालू झाला. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मी पिशवीतून कॅमेरा काढला. ती परत आली तेव्हा विचारलं, "तुझा फोटो काढू का?"

"कुणाला दावनार?"

"हापिसात."

"तिथं हसतेत का?"

"हाव. मीबी हसले."

तिच्या मागं गल्ली स्वच्छ पडली होती. तिनं पदर नीट केला. "काढ. पर दावताना माजं नाव सांग. पुरं."

सोमवारी मीटिंग सुरू व्हायच्या आधी मी तो फोटो पडद्यावर लावला. माय, झाडू, झाडलेली गल्ली. म्हणाले, "त्या दिवशी ज्या कानाला हसलो, तो हिचा. ही माझी आई." मग तिचं पूर्ण नाव सांगितलं. त्यामागं माझं. आडनावासकट.

सर हळू आवाजात म्हणाले, "अगं, आधी सांगायचं. त्यांना आपण सूट देऊ. एका नावाचं काय एवढं?"

फोटोला सगळे हसले तेव्हा लागलं, त्याहून हे जास्त लागलं.

"तिला सूट नको. नियम मी काल रात्रीच काढून टाकलाय. सगळ्यांसाठी."

"कुणाला विचारून?"

"लिहिताना त्या बायांना कुठं विचारलं होतं?"

"हे बघ, इथं जातपात आणू नकोस. हे काम आहे."

मी कामगारांची यादी उघडली. आडनावं वाचायला लागले. एकेक. सावकाश. दहाव्या-बाराव्या नावाला सर म्हणाले, "बंद कर ते."

मी यादी संपेपर्यंत वाचली.

दोन दिवसांत नियम परत आला. दुसऱ्यानं लिहिला. मला त्या कामावरून काढलं आणि एक कागद पुढं ठेवला. परवानगी न घेता बदल केला ही माझी चूक, पुन्हा असं करणार नाही. खाली सहीची जागा. सर म्हणाले, "सही कर, विषय संपला."

बदल मी केला होता, ते मी लिहून दिलं. चूक म्हणून सही केली नाही. नोकरी आज आहे, उद्याचं माहीत नाही.

मायची दुसरी गैरहजेरी लागलीय. आणखी सहा बायांची लागलीय. दर रविवारी मी सायकलवर जाते, एकेकीच्या गल्लीत उभी राहते. झाडताना तिचा फोटो, तिचं नाव, वेळ, गल्ली. तो नियम कसा चालतो आणि कुणाला बाद करतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. ते सगळं मी अर्जात लिहिलंय. सात जणींचे सात अंगठे घेतलेत. लिहिणारी म्हणून खाली माझी सही आहे. उद्या कामगार कार्यालयात तो अर्ज मी स्वतः देणार आहे. पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.