बाबांनी हो म्हटलं तेव्हा

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मी सौदा करता करता थांबते. समोरचा व्यापारी ओरडतो, "ताई, भाव बोला ना!" आणि मी मात्र आठ वर्षांची होऊन गोंदियाच्या कोर्टात बसलेली असते.

आई वारली होती. फुलचूरच्या मावशीला मूल नव्हतं, तिने मला दत्तक मागितलं होतं. फाटकाशी कुणीतरी शिंगाडे उकडत होतं आणि तो गोडसर, चिखलाचा वास खिडकीतून आत तरंगत येत होता. पंखा संथ फिरत होता. जज मॅडमनी मला जवळ घेऊन हळूच विचारलं, "मावशीकडे राहायला आवडेल तुला?"

"जाईन, पर माही बकरी संगं पाह्यजे."

मॅडम हसल्या. मावशी म्हणाली, "आन् पिल्लूबी आन तिचं!" मला वाटलं, मी सौदा जिंकला.

मग मॅडमनी बाबांना विचारलं. ते अडून बसतील, भांडतील, म्हणून मी वाट पाहत होते. बाबा म्हणाले, "हो जी, देतो."

तो राग मी अजून सोडलेला नाही. मी साधं पोतंही घासाघीस केल्याशिवाय देत नाही. पण धंद्यात एवढी वर्षं काढल्यावर कळतं, चांगलं गिऱ्हाईक परत जाईल अशी भीती वाटली की माणूस भाव करत नाही, पटकन हो म्हणतो. मावशीचं मन फिरू नये, एवढीच बाबांना घाई असेल.

असेल. तरी एकदा नाही म्हणायचं होतं त्यांनी.