बुडायचं काम मी घेतलं

बसा, चहा येतोय. पण आधीच सांगून ठेवतो, हा किस्सा ऐकताना कप हातात धरायचा नाही. खाली ठेवा. चहा गरम असतो, आणि माझी फजिती अशी आहे की ऐकणारा हसताना हमखास सांडतो. अहो, दात काय काढताय? ही माझ्या नोकरीची सवय आहे!

नोकरी म्हणजे काय, तर प्रवाशांच्या सुरक्षेवर देखरेख. सकाळच्या पॅसेंजरनं लातूरला कामाला, कॉलेजला जाणारी रोजची मंडळी, आणि माकणीच्या धरणाच्या फुगवट्यावर या काठाहून त्या काठाला बोटीनं जाणारी मंडळी. ही सगळी धड घरी पोचली पाहिजेत हे बघणाऱ्या पथकाचा मी प्रमुख. रूळ पण माझे, पाणी पण माझं! भूमला एकदा पाण्यातल्या सुरक्षेवर बोलायला उभा राहिलो, तर मागनं एक फेटेवाले आजोबा उठले. म्हणाले, "सायेब, बुडायला आदी पानी तरी लागंल का न्हाय?" सभा तिथंच संपली.

त्यात माझा स्वभाव असा की एका जागी बूड टेकत नाही. लग्नाला गेलो तर नवरा-नवरीच्या आधी मांडवातनं बाहेर पडायच्या वाटा बघतो. एस्टीत बसलो की संकटकाळी उघडायची खिडकी खरंच उघडते का ते ओढून बघतो. एकदा उघडली. अख्खी काच मांडीवर! कंडक्टर शांतपणे म्हणाला, "आता धरून बसा उमरग्यापत्तुर."

तर झालं असं. रेल्वे स्टेशनवर आम्ही आगीचा सराव घेतला. डब्यात आग लागली असं समजायचं आणि प्रवासी बाहेर काढायचे. पण बातमी आधीच फुटली. लोकांनी काय करावं? पेपरची घडी घातली, डबे-पिशव्या उचलल्या, आणि "चला, आग लागली वाटतं" म्हणत निवांत उतरले! एकानं तर जागेवर रुमाल टाकून ठेवला. मुख्यालयातल्या वरिष्ठांनी चित्रीकरण बघितलं आणि मला फोन केला. "अहो, तिथं आग लागली होती की सत्यनारायण होता?"

ते वाक्य मला फार लागलं. रात्रंदिवस डोक्यात तेच. ठरवलं, आता बोटीचा सराव असा घ्यायचा की खरा की खोटा ते कळता कामा नये. बोट कलंडली, एक प्रवासी बेपत्ता झाला, आणि बचाव पथकानं धावत येऊन त्याला शोधून काढला! दिवस कुणालाच सांगायचा नाही. निरोपात 'सराव' हा शब्दच घालायचा नाही, कारण सराव म्हटलं की आमची माणसं आधी चहा पितात. माहीत फक्त दोघांना. एक माझा सहायक स्वामी आणि दुसरे बोट चालवणारे काशीमचाचा.

आता बेपत्ता कोण होणार? काठावरच्या लोकांना विचारलं. एक म्हणाला, "पोरीचं लगीन जवळ आलंय, आत्ताच अभद्र नको." दुसरा म्हणाला, "म्या हुतो की बेपत्ता, पन आमची म्हातारी खरं धरंल अन् तितंच आडवी व्हईल." शेवटी काशीमचाचांकडं बघितलं.

"मैं डूब्या तो बोट कौन चलाता, साब? तुमे चलाते?"

मला धीर कुठला! म्हटलं, "राहू द्या. मीच बुडतो!"

स्वामीला मी सगळं पढवून ठेवलं. म्हटलं, "हे बघा, अशा वेळी नातेवाईक येतात, रडतात, अंगावर धावून येतात. कुणी काहीही करो, तुम्ही भूमिकेतनं बाहेर यायचं नाही. 'शोध चालू आहे, सहकार्य करा.' एवढंच बोलायचं, आणि मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवायचं. पथकाला फोन करायचा नाही. ती माणसं आपण होऊन किती लवकर येतात, तेच तर बघायचंय."

स्वामी आज्ञाधारक माणूस. "व्हय सायेब," म्हणाला.

सकाळी काठावर उभा राहून मी निरोप टाईप केला. 'माकणी फुगवट्यावर बोट कलंडली. एक प्रवासी बेपत्ता – दिनकर. तातडीनं काठावर या. सोबत दोर आणा.' दिनकर म्हणजे मीच. पाठवला. बोटीत फोन हाताळायचा नाही हा माझाच नियम, म्हणून फोन बंद केला, स्वामीच्या मोटारसायकलच्या डिक्कीत टाकला, आणि अंगात केशरी जॅकेट चढवून निघालो बुडायला!

फुगवट्याच्या मधोमध एक उंचवटा आहे. चार बाभळी, बाकी दगड. काशीमचाचांनी मला तिथं सोडलं. "आराम करो साब," म्हणाले आणि बोट घेऊन पलीकडच्या काठाला गेले. तेही बरोबरच, बोट कलंडलीय म्हटल्यावर ती काठावर कशी दिसेल?

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसानं बाभळीखाली गप्प बसायचं? दगडावर बसलो, तर मुंग्या. उठलो. उंचवट्याला एक चक्कर मारली. परत मारली. मग उलटी मारली. जॅकेटचे बंद सोडले, परत बांधले. पथकाची गाडी कुठं दिसते का म्हणून टाचा उंचावून बघत होतो. ऊन चढलं. कुणी येईना! मनात म्हटलं, एकेकाला आता फैलावर घेतो.

आणि मग काठावर जीप आली.

मागोमाग दुसरी. मग टमटम. मग ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट! माणसं उड्या टाकून पाण्याकडं पळत होती. माझी छाती फुगली. बघा! याला म्हणतात प्रतिसाद! मी बाभळीमागं लपून बघत होतो. लांबून चेहरे दिसत नव्हते, पण बायकाही दिसल्या. म्हटलं, वा! स्वामीनं महिला पथक पण बोलावलं वाटतं. मी तर सांगितलंही नव्हतं.

मग रडणं ऐकू आलं. पाण्यावरनं आवाज लांब येतो. एका पुरुषाचा घोगरा, फाटका आवाज. असा ओरडून रडत होता की अंगावर काटा यावा! मी खूश. आमच्या पथकात असा कलाकार आहे आणि मला पत्ता नाही? मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली. बक्षिसासाठी नाव वर पाठवायचं पण ठरवलं.

पण रडतायत रडतायत, पाण्यात कुणी उतरेना! अरे, मला शोधा की! पथक आहात का भजनी मंडळ? माझा जीव नुसता वरखाली.

तेवढ्यात ट्रॉलीतनं काहीतरी भलंमोठं, काळं, गोल उतरवलं. पाण्यात लोटलं. एक माणूस त्यात बसला आणि फळी मारत माझ्याकडं येऊ लागला. मी डोळे फाडून बघितलं. काहील! गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची लोखंडी काहील!

अहो, या काहिलीच्या पायी मी गावोगाव घसा फोडलाय. पूर्वी लोक काहिलीत बसून पाणी ओलांडायचे. ती जरा तोल गेला की फिरते आणि पालथी होते. मी फलक लावले, बंदी घातली. आणि माझ्याच सरावात काहील? माझं डोकंच फिरलं. बेपत्ता आहे हे विसरलो, बाभळीमागनं उडी मारली आणि ओरडलो, "ए! काहिलीतनं येतोस? जॅकेट कुठंय तुझं?"

काहिलीतल्या माणसानं वर बघितलं. तो माझा मेहुणा होता. लोहाऱ्याजवळ त्याचं गुऱ्हाळ आहे. बालाजी.

बालाजीच्या हातनं फळी सुटली. काहील जागच्या जागी गरागरा फिरायला लागली, आणि फिरता फिरता दर फेरीला तो माझ्याकडं बघून किंचाळत होता.

"भूऽऽत!"

"अरे मी आहे! दाजी!"

"दाजी... आदी पाय दावा!"

मी चपला काढून पाय दाखवले. सरळच होते. तेव्हा कुठं तो कसाबसा हातानं पाणी मारत काठाला लागला आणि माझ्या गळ्यातच पडला.

"दाजी, तुमी जित्ते हाव? मग बुडालं कोन?"

"कुणी नाही! तुला कुणी सांगितलं मी बुडालो?"

"तुमीच की!"

"मी?"

"ग्रुपवर! तुमच्याच फोनवरनं आलं. आमाला वाटलं, बोटीतल्या कुनीतरी तुमचा फोन घिऊन टाकलं. लावतोय तर फोन बंद! दोर आना म्हनलं म्हनून आबांनी म्हशीचा दोर सोडून आनलाय."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याचं काय आहे, सासरच्या ग्रुपचं नाव 'सुखी परिवार'. आणि बचाव पथकाच्या माणसांना आपुलकी वाटावी म्हणून त्यांच्या ग्रुपचं नाव मी स्वतः ठेवलं होतं, 'सुरक्षित परिवार'. घाईत बोट कुठं पडलं हे तुम्हाला कळलंच असेल. पथक बिचारं कचेरीत सुखी होतं आणि परिवार काठावर आला होता!

"तिथं स्वामी आहे ना? त्यानं सांगितलं नाही काही?"

"त्यो? त्यो येडाय का शाना तेच कळंना! ताई त्याच्या पाया पडली. त्यो मोबाइल धरून म्हनतोय, शोध चालू हाय, सहकार्य करा. आबांनी त्याची गचांडी धरली तरी तेच!"

स्वामीला वाटलं होतं, ही सगळी मंडळी मीच ठरवून आणलीत.

"वैशाली कुठंय?" मी विचारलं. वैशाली म्हणजे माझी बायको. त्या दिवशी ती माहेरीच होती.

"पान्यात पाय सोडून बसलीय. रडंना की बोलंना."

"मग रडतंय ते कोण?"

"आबा," बालाजी म्हणाला.

सासरे! लग्नात 'जेवलात का' विचारलं होतं, त्यानंतर या माणसानं मला दुसरं गोड वाक्य कधी ऐकवलं नाही. आणि मी त्या रडण्याला बक्षीस लावून बसलो होतो. खरं सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी हललो नाही. दगडावर मुंग्या होत्या, चावत होत्या, तरी तसाच बसून राहिलो.

"चला दाजी," बालाजी म्हणाला, "न्हायतर आबाच उतरतील पान्यात."

मग काय करता? बसलो काहिलीत! ज्यानं बंदी घातली तोच. बालाजीकडं जॅकेट नव्हतं आणि तो बायकोचा एकुलता एक भाऊ, म्हणून माझं जॅकेट काढून त्याच्या अंगात घातलं. तो बाभळीची फांदी मारत होता, मी तळाशी उकिडवा, गुळाच्या वासात.

काठ जवळ आला. आधी एक बाई ओरडली. मग सगळेच ओरडायला लागले. आबा दोर घेऊन पुढं धावले, पागोटं सुटून खांद्यावर लोंबत होतं. वैशाली उठून उभी राहिली. तिचा चेहरा बघितला आणि मला राहवेना. वाटलं, लोकांना आधी शांत केलं पाहिजे, नाहीतर चेंगराचेंगरी होईल. माझ्यातला अधिकारी जागा झाला. मी काहिलीत ताडकन उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि म्हणालो,

"घाबरू नका! हा फक्त सरा..."

काहील पालथी.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मला पोहता येत नाही! हसा, हसा. अहो, मी मूळचा भूमकडचा. आमच्या विहिरीत लहानपणी मी चपलेसकट उतरायचो आणि कोरडा वर यायचो. पोहायला शिकणार कुठं?

बालाजी जॅकेट घालून बुचासारखा तरंगत होता. मी खाली. वर आलो, "वाचवा!" म्हणालो, परत खाली. परत वर आलो तेव्हा समोर काठावर स्वामी दिसला. मोबाइल माझ्यावर रोखलेला, चेहरा अगदी निश्चल.

"स्वामीऽऽ! खरंच बुडतोय!"

"शोध चालू आहे," स्वामी गंभीरपणे म्हणाला. "सहकार्य करा."

तिसऱ्यांदा वर आलो तो माझ्या कर्तृत्वानं नाही. वैशालीनं पदर खोचून उडी घेतली होती, आणि माझे केस धरून, तेही उरलेसुरले, मला वर ओढलं होतं. आबांनी दोर टाकला. म्हशीचा दोर माझ्या काखेतनं घालून सगळ्या सुखी परिवारानं मला काठावर खेचलं. पोटातलं पाणी काढायला मला पालथा घातला. वैशालीनं पाठीवर दणके घालायला सुरुवात केली. पाणी केव्हाच निघून गेलं होतं, ती थांबेना. मीही थांब म्हणालो नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?

आबा जवळ येऊन बसले. बराच वेळ माझ्या डोक्यावरनं पंचा फिरवत राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, जेवलाव का?"

मी हात जोडले. दुसरं काय करणार? तिथल्या तिथं, भिजल्या अंगानं, एकेकाची माफी मागितली. स्वामीची पण मागितली. तो म्हणाला, "सायेब, तुमी मला आता भूमिकेतनं सोडलंय का, तेवढं एकदा सांगा."

संध्याकाळी मुख्यालयातनं वरिष्ठांचा फोन आला. स्वामीनं चित्रीकरण सगळं, शेवटापर्यंत, इमानदारीत पाठवून दिलं होतं. म्हटलं, गेली नोकरी. फोन कानाला लावला.

"अहो, उत्तम!" वरिष्ठ म्हणाले. "असा जिवंत सराव मी उभ्या नोकरीत बघितला नाही. नातेवाईक काय, काठावरचा तो कर्मचारी काय! पण खरी कमाल कुणाची सांगू? तो बुडणारा गडी! काय ते हात मारणं, काय तो चेहरा! पाणी उडत होतं त्यात चेहरा नीट ओळखू आला नाही, कोण हो तो?"

मी सांगायला गेलो, पण ते कुठले थांबतायत!

"त्याला सोडू नका," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासनं सगळ्या जिल्ह्यांत त्यालाच बुडवायचा. येईल ना तो?"

मी कानातलं पाणी झटकलं आणि म्हणालो, "येईल, साहेब. रिकामाच असतो."