ताईचे फोटो तेवढे खाली राहिले

एका जागेवर भरवसा न ठेवण्याच्या बाबतीत आमच्या भाऊजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या जबलपुरात सापडायचा नाही. प्रलयाच्या वेळी मनूने सगळी बियाणी आणि सातही ऋषी एकाच नावेत बसवले, ही गोष्ट त्यांना या वयातही पचलेली नाही. "एकाच नावेत? काहून? नाव पलटली असती तर?" असं त्यांनी चालू कथेत उठून विचारलं आणि बुवांनी घाईघाईने आरती सुरू केली, हे मी स्वतः पाहिलं आहे. अशा माणसाने माझ्या ताईचे, म्हणजे स्वतःच्या बायकोचे फोटो तेवढे एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत न काढता ठेवून द्यावेत याचं मला आधी नवल वाटलं, मग रागही आला. ताई गेल्या वर्षी गेली, आणि तो कॉम्प्युटर कधी जाईल याचा नेम नव्हता.

भाऊजींची सारी नोकरी खमरियाच्या फॅक्टरीत, दारूगोळ्याच्या गोदामांवर झाली. तिथे सगळा माल एका छपराखाली ठेवत नाहीत. एक गोदाम उडालं तरी शेजारचं शाबूत राहावं इतकं अंतर सोडतात. रिटायर होऊन ते शहरात कांचघरला राहायला आले, हाताशी दारूगोळा उरला नाही, तेव्हा त्यांनी हाच नियम घरच्या फोटोंना लावला. फोटोंची एक हार्ड डिस्क स्वतःकडे, दुसरी खमरियातल्या पुतण्याच्या क्वार्टरमध्ये आणि तिसरी राइट टाउनला माझ्याकडे. माझं घर पसंत करण्याआधी त्यांनी स्कूटरने येऊन मधलं अंतर पाहिलं आणि "चलो, धमाका झाला तरी इथवर येत नाही," असा निर्वाळा दिला. कसला धमाका, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. माझ्याकडची डिस्क फ्लॅनेलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलेली असते, आणि भाऊजी अधूनमधून तपासणीला येऊन डब्याला कान लावतात. माझ्या बायकोने एकदा त्याच फळीवर चकल्या ठेवल्या, तेव्हा त्यांनी त्या स्वतःच्या हाताने खाली उतरवल्या. "अंजू, चकल्या परत तळता येतात. यात माणसं आहेत," म्हणाले, आणि उतरवलेल्यांपैकी चार-पाच खाऊनच गेले.

बरं, फोटो आला की ठेवला, असं नाही. तो पास व्हावा लागतो. पुतण्याच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाचा एकत्र फोटो निघाला, तर भाऊजींनी कॅमेरा हातात घेऊन एकेक चेहरा मोठा करून पाहिला आणि तोवर कोणाला जागचं हलू दिलं नाही. "दुसऱ्या रांगेत डोळे बंद आहेत. रिजेक्ट. फिर से!" दुसऱ्या रांगेत मीच होतो. पास झालेल्या फोटोला ते नाव देतात, आणि नाव असं, की फोटो उघडायची गरजच पडू नये. 'मावशी-हसताना-जिलबी-मिळाल्यावर' हा त्यांच्या मावशीचा एक फोटो, आणि 'मावशी-गप्प-जिलबी-संपल्यावर' हा त्याच्या पुढचा.

या मावशीनेच पुढे घर डोक्यावर घेतलं. भाऊजींनी माणसामागे एक फोल्डर केलं होतं. ज्याचे फोटो इंटरनेटवर चढले त्याचं फोल्डर 'वर गेलेले' या मोठ्या फोल्डरात जायचं, आणि तिथूनच डिस्कवर प्रती निघायच्या. ज्यांचे चढायचे होते ते 'खाली राहिलेले'. मावशी एकदा कौतुकाने स्वतःचे फोटो पाहायला बसली, तर वर ठळक अक्षरांत 'वर गेलेले' आणि त्याखाली पहिलंच नाव तिचं.

"काहून रे भैया, मी जिती-जागती बसून राहिली ना तुझ्यासमोर!"

"मावशी, वर सेफ असते. खाली व्हायरस लागते."

"लागू दे! मले नाही जायचं वर. उतरव मले!"

ताई इतकी हसली की तिच्या हातातला चहा बशीत सांडला. "अन् मी हो? मी कुठे आहे?" तिने विचारलं. भाऊजी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "तू खाली. घरचं माणूस, तुझं करू सावकाश." ते सावकाश करणं राहूनच गेलं.

ताई गेल्यावर मी त्यांच्या मागे लागलो. तिचे फोटो आता तरी वर चढवा, भाऊजी, कॉम्प्युटरचा भरवसा नाही. त्यांनी स्क्रीनवरच्या 'वर गेलेले'वर बोट ठेवलं.

"त्या फोल्डरात टाकू तिला? नाव वाचलं काय त्याचं?"

"मग नाव बदला ना."

"नाव बदलून काय होते रे?"

माझा राग तिथेच ओसरला आणि फार वाईट वाटलं.

मग उन्हाळ्यात वीज जाऊन-येऊन करू लागली आणि एका दुपारी कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाला येईपर्यंत भाऊजी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसून राहिले, जेवायला उठले नाहीत. दुरुस्तीवाल्याने खटपट करून तो चालू केला. "इस बार बच गया अंकल, आगे भगवान मालिक," असं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात. हातात डिस्कचा नवा डबा.

"हिला ठेव तुझ्याकडे."

"ताई?"

"हो. वर नाही पाठवली. माहेरी पाठवून राहिलो." 

अंजूने डबा हातात घेतला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. रात्रीच फोन आला, "नीट पोचली ना?" डबा तर त्यांनी स्वतःच आणून दिला होता. तरी मी "पोचली" म्हणालो.

महिनाभराने एका रविवारी ते पुन्हा आले, ताईला घ्यायला यायचे तसेच, संत्र्यांची पिशवी घेऊन. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. अंजूने डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्यावरून हात फिरवला, आणि हळूच तो आमच्याकडे सरकवला.

"राहू दे अजून थोडे दिवस," ते म्हणाले. "मी कधी पोटभर राहू दिलं नाही तिला इथे." आणि रिकाम्या हाताने स्कूटरकडे गेले.