रंगकामाचा रविवार

राजारामपुरीतल्या एका गल्लीत तेव्हा एक लहानसं कॅफे होतं. आठ टेबलं, कोपऱ्यात वीतभर उंचीचा लाकडी ओटा आणि त्या ओट्यावर दर रविवारी पाच ते सात गाणं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. चहाच्या गाड्यांवर गर्दी करणारे कोल्हापूरकर कॉफीचा कप समोर ठेवून गप्प बसतील आणि गाणं ऐकतील, यावर मालकांखेरीज कुणाचाच विश्वास नव्हता. मी तिथं गात असे. जुनी भावगीतं, गझला, थोडं सिनेमातलं. बी.एड. करत होते. घरी मिरचीचा व्यापार, आणि घरच्यांच्या लेखी माझं गाणं म्हणजे लग्न ठरेपर्यंतचा विरंगुळा.

क्लॅरिनेटवाल्या मामांना तिथं आणलं ते मीच. चुलतबहिणीच्या लग्नात अक्षता पडल्यावर बँडवाले मांडवामागं पंगतीची वाट बघत बसले होते. त्यातला एकजण भिंतीकडं तोंड करून स्वतःशीच, अगदी हळू वाजवत होता. पन्नाशी उलटलेली, लाल कोटाची बटणं सोडलेली. मी हातात ताट घेऊन तशीच उभी राहिले. ते वळले आणि थांबले.

"काय पायजे हुतं का ताई?"

"नाही. वाजवा की."

"वाद्याच्या तोंडातली पत्ती वली ऱ्हावी म्हणून आपलं फुकतोय."

मामा उचगावचे. पहिल्या रविवारी कॅफेत आले तेव्हा खुर्ची बघून म्हणाले, "बसून वाजवायचं? जन्मभर वरातीम्होरं चालत वाजवलंय. बसल्यावर वारं कुठनं काढू?" पण त्यांनी वाजवलं आणि टेबलांवरचे चमचे थांबले. मी ओळ संपवून श्वास घ्यायचे, तेवढ्या जागेत ते दोन-तीन सूर ठेवायचे, आणि त्या सुरांवरून पुढची ओळ मला आपोआप सापडायची. मी कधी घाईला आले की ते लांब सूर धरून मला मागं ओढायचे. गाणं मला कॉलेजात शिकवलं होतं; थांबायला मामांनी शिकवलं.

सात-आठ महिने असे गेले. मग एका रविवारी पुढच्या टेबलावरची तीन-चार पोरं मोठ्यानं म्हणाली, "वरात कधी निघणार ओ?" सगळे हसले. मामाही हसले. मीही हसले, ते वाक्य मात्र माझ्या डोक्यात बसलं. त्यानंतर क्लॅरिनेट ऐकताना मला वरातच दिसायला लागली.

अशातच मालकांनी सांगितलं की पुण्याहून त्यांच्या ओळखीची माणसं येणार आहेत, तिकडं गझलेचे कार्यक्रम करतात, तुझं गाणं ऐकतील. मी आठवडाभर नीट जेवले नाही. कॉलेजातला एक गिटारवाला ठरवला. मालकांना सांगितलं, "मामांची त्या दिवशी लग्नाची सुपारी आहे." मग मामांच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन केला. दुकानदारानं हाक मारली, मामा धावत आले असावेत, धाप ऐकू येत होती. मी म्हटलं, "मामा, या रविवारी कॅफे बंद आहे. रंगकाम काढलंय."

"व्हय का? बरं बरं," म्हणाले.

रविवारी चार वाजता मी माइक तपासत होते. मालक पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले होते. दारात मामा उभे राहिले. अंगात विटलेला शर्ट, पायजमा वर खोचलेला, डोक्याला फडकं बांधलेलं. क्लॅरिनेट नव्हतं.

"रंगकाम हाय म्हणालासा," ते म्हणाले, "टेबलं हलवायला हात लावावा म्हटलं."

त्यांनी भिंतींकडं बघितलं. मांडलेल्या टेबलांकडं, मग गिटारवाल्याकडं. मी माइकची वायर सरळ करू लागले. तेच म्हणाले, "झालं व्हय काम?"

"हो. कालच आटपलं."

"मग जाऊन वाद्य घिऊन येऊ का? तासात येतो."

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणाले, "मालकांनी आज आम्हा दोघांचंच ठरवलंय, मामा."

त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, घडी करून खिशात ठेवलं. "आसूं दे की. म्या आसाच आलतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

त्या दिवशी मी बरी गायले. पुण्यात दोन कार्यक्रम मिळाले. तिसरा मिळाला नाही.

मामा पुन्हा आले नाहीत. मालक दर रविवारी विचारत, मी लग्नसराई सांगत असे. पंधरा दिवसांनी मन खाऊ लागलं तेव्हा उचगावला गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. मामींनी चहा टाकला. मामा पायरीवर बसून म्हणाले, "तुमचा काय दोष, ताई? मालकालाच बँडवाला नगं आसंल. तोंडावर सांगायचं तरी. तुमच्याकडनं कशाला वदवून घ्यायचं?" मी बशीत चहा ओतला, प्यायले आणि परत आले.

लग्न होऊन मी मिरजेला गेले, शाळेत लागले. पाच वर्षांनी दिवाळीत माहेरी आले असताना मालक भेटले. कॅफे केव्हाच बंद झालं होतं, त्यांचं आता फरशीचं दुकान होतं, तिथंच बसलो. बोलता बोलता मामांचा विषय निघाला. ते म्हणाले, "माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी उचगावला गेलतो. दारातनंच परत पाठवलं मला. माझं काय चुकलं ते अजून कळलेलं नाही बघ."

दुकानात गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत मी थांबले आणि सगळं सांगितलं. मालकांनी हातातली मोजपट्टी उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाले, "मला कशाला सांगतेस? त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी गेले. मामांचे पुढचे दात पडले होते, वाजवणं सुटलं होतं. मी उभ्याउभ्याच बोलले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"म्हंजे मालकाचं त्यात काय न्हवतंच?"

"नाही."

"आन् म्या त्या मानसाला दारातनं घालवलं की वो." ते मामींकडं बघत म्हणाले, माझ्याकडं नाही. मग हात पुढं केला. "लावा फोन त्यांस्नी."

मी मालकांचा नंबर लावून मोबाइल दिला. "मालक, म्या बोलतोय, क्लारनेटवाला," म्हणाले. मग दोघं बोलत राहिले. पोरं किती, दुकान कुठं, दात कधी पडले. मामा मध्येच मोठ्यानं हसले. मी खांबाला टेकून उभी होते. माझा विषय त्या बोलण्यात आला नाही, निदान या बाजूनं तरी. संपल्यावर मामांनी मोबाइल शर्टाला पुसून मामींच्या हातात दिला, आणि मामींनी माझ्या.

"येते मामा," म्हटलं.

"या," म्हणाले आणि आत गेले.

कोपऱ्यापर्यंत चालत गेल्यावर लक्षात आलं की घडलं ते सगळं मी सांगितलं, पण 'माफ करा' एवढं म्हटलंच नाही. मागं फिरले. मामी अंगणात भांडी घासायला बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय ऱ्हायलं का?"

"नाही," म्हणाले मी, आणि रस्त्याला लागले.