रोज काय व्हायचं?

आमचे सासरे आबा, म्हणजे निवृत्त सुभेदार हंबीरराव, एकाहत्तरची लढाई तासन्‌तास सांगतील. पण त्यांच्या आईचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं, "बैलगाडीतनं दवाखान्यात नेली, परत आली न्हाई. मला कायबी आठवत न्हाई तिचं." ते तेव्हा पाच वर्षांचे होते. घरात तिचा फोटोही नाही. पोटचं पोर असून आई विसरलो, हे त्यांनी पंचाहत्तरीतही मनाला लावून घेतलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत माझी साक्षी पाचगणीच्या होस्टेलवरून साताऱ्याला आली ती फ्रेंचचा गृहपाठ घेऊनच. घरातल्या मोठ्यांचं बालपण कसं होतं आणि आपलं कसं आहे, हे फ्रेंचमध्ये बोलायचं. त्यातही जुन्यासाठी भूतकाळाचं खास रूप, नेहमी घडायच्या गोष्टींचं. या मुलीला मराठीत बोलतं करायला मिनतवाऱ्या कराव्या लागतात, आणि फ्रेंचमध्ये म्हणे बालपण!

आबांनी सुरुवात केली ती थेट लष्करभरतीपासून.

"आबा, एकदाच घडलेलं नको. रोज काय व्हायचं ते सांगा."

"रोजचं काय सांगायचं, पोरी?"

"सकाळी उठून कुठे बसायचात?"

"चुलीम्होरं. गरम भाकरीचा पापुद्रा सोडवून, आत तेल-मीठ लावून हातात द्यायची. पोळंल म्हणून फुकायची. 'दमानं खा, माज्या सरदारा,' म्हणायची."

"कोण?"

आबांनी आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं. लसूण सोलता सोलता मी मान वर केली.

"आय," ते म्हणाले. "आय म्हणायची."

मग थांबेचनात. ती दळताना गायची, यांना मांडीवर निजवून दळायची, मनगटावर भाजल्याचा डाग होता. साक्षी एकेक वाक्य फ्रेंचमध्ये करत गेली. "मा मेर सूफ्ले," ती म्हणाली, म्हणजे माझी आई फुंकर घालायची. आबांनी ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. चुलीपुढची ती बाई फ्रेंचमध्ये सांगितली जात होती आणि मी थक्क होऊन ऐकत होते.

मग साक्षीनं स्वतःचं सांगितलं. आता मी होस्टेलवर राहते, आई रविवारी व्हिडिओ कॉल करते. खोटं कशाला बोलू, ते मला लागलं. मी लसणाची टरफलं उचलायच्या निमित्तानं उठले, तर आबांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

"विजयमाला, मी इसरलो नव्हतो गं तिला."