फरशीवर पाणी

शरयू पुण्याची. संग्रामपूर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. त्या दुपारी शाळा सुटली होती. ती हजेरी लिहीत बसली होती, तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाईंचा फोन आला.

"मॅडम, छकुली फरशीवर हाये! पानी येऊन राह्यलं!"

छकुली त्यांची नात, दुसरीतली.

"मग पुसून घ्या ना, मी येतेच," शरयू म्हणाली. फोन कटला.

तिने वर्ग पाहिले, व्हरांडा पाहिला. सगळं कोरडं. शाळेचे शिपाई शेषराव कुलूप लावत होते. तिने त्यांच्याकडे फडकं मागितलं आणि कशाला हवं तेही सांगितलं. शेषरावांचा चेहरा उतरला.

"मॅडम, फरशी म्हंजे नाल्यावरची! तिकडं सातपुड्यात पाऊस झाला असन!"

खोलीतला दोर उचलून ते पळत सुटले. शरयू मागोमाग. तिच्या कानात स्वतःचंच वाक्य घुमत होतं. पुसून घ्या. पाच मिनिटं गेली होती की दहा?

इथे ऊन होतं आणि नाला गढूळ होऊन फुगला होता. नाल्यातून पलीकडे जाणाऱ्या रस्त्याचे दगड पाण्याखाली गेले होते. रस्त्याच्या कडेच्या मधल्या दगडी खुंटाला मिठी मारून छकुली उभी होती, पाणी तिच्या कमरेला लागलेलं. ती रडतसुद्धा नव्हती.

दोराचं एक टोक बाभळीला, दुसरं शेषरावांच्या कमरेला. ते पाण्यात उतरले. शरयूने आणि काठावर थांबलेल्या गोजरबाईंनी दोर धरला. एकदा शेषरावांचा पाय सुटला, तशी शरयूने डोळेच मिटले. दोराने तळहात सोलून निघाले, पण तिने तो सोडला नाही. डोळे उघडले तेव्हा पोरगी त्यांच्या खांद्यावर होती.

गोजरबाईंनी नातीला पोटाशी घेतलं. मग शरयूकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "पुसून घ्या म्हने!"



पुढे तिने कोश उघडला. 'फरशी' हा शब्द 'फर्श'वरून आलेला, म्हणजे अंथरलेलं. पुण्यात तो घरात अंथरला गेला, इथे नाल्याच्या पात्रात. हे शेषरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "हाव, दगडच अंथरले हायेत. पन पुलाले आमी फरशीच म्हनतो."

आता डोंगराकडे आभाळ काळवंडलं की शरयू नाल्यापलीकडच्या मुलांना घरी सोडत नाही. शेषराव नाला बघून येईपर्यंत ती त्यांना पाढे म्हणायला लावते.