टायगरचा श्रावण

टायगर आज दुपारी गेला, आणि कशाने गेला ते कोणालाही सांगता येत नाही.

"वय झालं असेल" असं कमेंटमध्ये कृपा करून लिहू नका.
नऊ वर्षांचा होता. गेल्या महिन्यापर्यंत वाड्यावरच्या सगळ्या मांजरांना झाडावर चढवून ठेवायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोव्यात, हळर्णच्या घरात आम्ही तिघं. मी, आई आणि टायगर.
नाव टायगर, पण कुठे फटाका वाजला की थेट आईच्या पायात.

त्याला नुस्ता लागायचा, म्हणजे मासे. रोज.
आणि आमच्याकडे श्रावण म्हणजे कडक श्रावण, सगळं शिवराक. कांदा-लसूणसुद्धा नाही, मग माशाचं नाव कोण काढतोय!

दरवर्षी श्रावण लागला की टायगर दोन दिवस संप करायचा. वरण-भात हुंगायचा, आमच्याकडे रागाने बघायचा, आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने खायचा.

यंदा तिसरा दिवस गेला. चौथाही गेला.

"शिवराक म्हणान रुसलो हा तो," आई म्हणाली. "गणपतीची चवथ जावंदे. नुस्ता हाडूया, मगे बघ कसो खाता तो."

मीही तेच म्हणत होते.
नुसती म्हणत नव्हते, रविवारी व्हिडिओ पण टाकला. ताटाकडे पाठ करून बसलेला टायगर. कॅप्शन, 'श्रावणातलं उपोषण'.

तुम्ही सगळे हसलात. तुमचा काय दोष, मीच हसवलं.

आता तो व्हिडिओ बघते तेव्हा स्पष्ट दिसतं की त्याला मान वळवता येत नाहीये.
तेव्हा नाही दिसलं. डोळे कुठे गहाण टाकले होते कोण जाणे.

मंगळवारी पाववाला पोदेर आला, भोंपू वाजला, आणि टायगर ओसरीतल्या बाकाखालून उठलाच नाही.
रोज सकाळी चहात बुडवलेला अख्खा उंडो पाव खाणारा कुत्रा. मी तुकडा तोंडाशी धरला, त्याने तोंड फिरवलं.

उंड्यात मासा कधी होता?
एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. कंपनीत जायला तुयेची बस पकडायची होती ना!

मग सल्ले सुरू झाले. ओवा द्या. ताक द्या. उपाशी ठेवा. (अहो, तो उपाशीच आहे!)
शेजारच्या काकींनी मीठ-मिरची ओवाळून दिष्ट काढली. मिरच्यांनी आम्ही दोघी खोकलो, टायगर तसाच पडून.

शुक्रवारी मी त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि तो ओरडला. माझ्यावर दात काढले.
नऊ वर्षांत पहिल्यांदा.

कंपनीत फोन करून हाफ डे मागितला. "कुत्र्यासाठी?" असं विचारलं गेलं. हो, कुत्र्यासाठी. पुढचं काय बोलले ते इथे लिहीत नाही, नोकरी करायची आहे अजून.

डॉक्टरांनी विचारलं, "खाणं कधी सुटलं?"

"श्रावण लागल्यापासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, श्रावण तुम्ही पाळता की तो?"

आई शेजारीच उभी होती. एरवी डॉक्टरांना पण दोन गोष्टी शिकवणारी आई, त्या दिवशी गप्प.

रक्त तपासलं, नॉर्मल. एक्स-रे काढला, त्यातही काही नाही.
"कदाचित मणका. कदाचित पोटात काही असेल."
कदाचित! इंजेक्शन दिलं की दोन तास झोपायचा, उठला की परत कण्हायचा. कुठे दुखतंय ते मला कळेना, आणि त्याला सांगता येईना. मी त्याच्यावरच चिडले एकदा. "अरे, काय होतंय तरी काय तुला?" म्हणून ओरडले. त्याने शेपटी हलवली. एवढंच हलवता येत होतं.

आज दुपारी, मी ताटलीत पाणी घेऊन येईपर्यंत, तो गेला.

माडाच्या मागे खड्डा केला. माती लोटून झाल्यावर आई तिथेच बसली आणि म्हणाली, "माका एक सांगूचा आसा."

त्या सोमवारी, म्हणजे माझ्या व्हिडिओच्या दुसऱ्याच दिवशी, मी कामावर गेल्यावर, तिने शेजारच्या रोझीबायकडून तळलेला बांगडा मागून आणला होता.
माझ्या आईने. श्रावणी सोमवारी. उपास असताना.
केळीच्या पानावर घालून, घरापासून लांब, याच माडामागे त्याच्यापुढे ठेवला.

"बांगडो हुंगल्यान, पण खाल्ल्यान नाय. माजो हात मात्र चाटल्यान. तेवाच माका कळला, ह्येका कायतरी झाला हा."

मग तिने डोक्यावरून आंघोळ केली, देवाला दिवा लावला, आणि कोणाला काही बोलली नाही.

सोमवार ते शुक्रवार. चार दिवस!

मी तिच्यावर ओरडले. मनापासून, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं ओरडले. तेव्हाच का नाही सांगितलंस? लोकांची लाज एवढी मोठी? देव काय तुला बांगड्यासाठी फाशी देणार होता?

ती पदराने हातावरची माती पुसत राहिली.

"देवाक सांगलंय मियां त्याच दिसा," ती म्हणाली. "तुका सांगूक धीर नाय झालो. तू हासली असतस."

खरं आहे तिचं.
मी हसलेच असते. आणि तुम्हाला पण सांगितलं असतं.

लवकर नेला असता तर वाचला असता का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. सगळं सांगता येत नाही.

टायगर, तुला दुखत होतं आणि आम्हाला वाटलं तू रुसलायस.
माफ कर रे बाबा.

आई आणि मी, दोघींकडून तुला शेवटचा निरोप.